फाइल कुठे पाठवायची

३ मे
बंद! आमच्या विभागाची कार्यशाळा पुढच्या सत्रापासून बंद. कृत्रिम पाय बनवायला शिकायचं आणि कार्यशाळाच नाही — मग काय फळ्यावर पाय काढायचे? सर म्हणाले, "तू आत्ताच दुसरं कॉलेज बघ." जसं काही मी बस बदलतेय.

६ मे
परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाईंना मी मनातल्या मनात 'शिक्काबाई' म्हणते. शिक्काबाई म्हणाल्या, "तुमची व्हिसाची फाइल एकाच कॉलेजला जाते. वीस जूनला पाठवतो. एकदा गेली की आमच्या हातात काही नाही." मी विचारलं, मग नंतर मन बदललं तर? "तो रकाना नाही आमच्या अर्जात."

१४ मे
दोन कॉलेजं उरली.
मोठं — इथे पास झालेले माझे जवळजवळ सगळे विषय मान्य, दोन वर्षांत सुटका. पण तिथे सगळं संगणकावर. हाताला साच्याचं प्लास्टर म्हणून लागायचं नाही.
छोटं — आठवड्यातले चार दिवस कार्यशाळा, पहिल्या महिन्यापासून खरे रुग्ण. पण माझे निम्मे विषय मोजायलाच तयार नाहीत! म्हणजे तीन वर्षं. अभ्यासक्रम, तासांची यादी, सरांच्या सह्या — तीनदा पाठवलं सगळं. उत्तर काय, तर "अधिक तपशील द्यावा." डोंबलाचे तपशील!

१५ मे
डोकं फिरलंय. नुसतं डोकं फिरलंय.

२२ मे
घरचा व्हिडिओ कॉल. बाबा तयारीनेच बसलेले. "मोठं! त्यात विचार कसला करायचा?" म्हणे लायब्ररी सात मजली आहे. मी पाय बनवणार आहे की जिने चढणार आहे? हळूच म्हटलं, छोट्यातली कार्यशाळा चांगली आहे हो बाबा. "एक वर्ष जास्त!" विषय संपला. दादा मधूनच, "ऐक ना गं, उगाच फाटे फोडू नकोस." आई गप्प. एरवी माझ्या केसांच्या भांगावरसुद्धा तिचं मत असतं!

२ जून
घरी न सांगता छोटं कॉलेज बघून आले. बसने तीन तास. कार्यशाळेतल्या बाईंनी नाव विचारायच्या आधी ॲप्रन दिला. एक निवृत्त ड्रायव्हरकाका नवा पाय घालून बघत होते, चेहरा वाकडा. बाई मला म्हणाल्या, "कुठे टोचतंय ते विचार आणि घास." विचारलं. कानस घेऊन थोडं थोडं घासत राहिले, परत घातला, परत काढला. दोन तास. शेवटी काका उभे राहिले, चार पावलं टाकली, म्हणाले, "आता नाही टोचत, पोरी."
मला हेच करायचंय. दुसरं काहीही नाही!

९ जून
दादाशी कडाक्याचं भांडण. "बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत मोठ्या कॉलेजचं. आता नाही म्हणालीस तर तोंड कुठे दाखवतील?" माझ्या तोंडाचं काय रे?

१८ जून
गेले खिडकीवर. लिहून टाकलं मोठ्या कॉलेजचं नाव. शिक्काबाई चक्क थांबल्या — "नक्की ना?" मी हो म्हटलं. घरी मेसेज टाकला, 'मोठं'. बाबा तरी खूश होतील. बाहेर पडले आणि रागारागाने चालतच सुटले, खोली आली कधी ते कळलं नाही.

२१ जून
फाइल काल गेली. आज आईचा एकटीचा फोन. "बाबा सकाळपासून दार लावून बसलेत गं. त्या छोट्या कॉलेजचे सगळे व्हिडिओ मेमध्येच बघितलेत त्यांनी, मलाही दाखवले. म्हणाले, हिची जागा हीच. पण पहिल्या वर्षी तू फोनवर रोज रडायचीस ना... वर्षभर आधी घरी येशील म्हणून मोठ्याचा हट्ट धरला. वाटलं, खरंच छोटं हवं असेल तर भांडेल. तू मुकाट्याने हो म्हणालीस. म्हणजे पोरगी अजून रडतेच आहे, असं धरून बसलेत."
गेल्या वर्षभरात एकदाही रडले नव्हते मी. आज फोन ठेवला आणि भोकाड पसरलं.