टेकडी जागृत आहे का?

दोहा, ९ जाने. १९८७, शुक्र.
ताईचं पत्र आलं, फोटोसकट. ऑकलंडमध्ये नवं घर घेतलंय, एका टेकडीच्या पायथ्याशी. टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी! माथ्यावर भला मोठा वाडग्यासारखा खळगा, त्यात हिरवंगार गवत, कडेला गाई चरतायत. टेकडीची बाग केलीय म्हणे. खाली लाकडी घरांच्या रांगा, शाळा, बेकरी. ताई रोज सकाळी वर जाऊन येते.
फोटो पुन्हा पुन्हा बघितला आणि चरफडले. लग्नाआधी पुण्यात मी रोज टेकडी चढायचे, शाळेत शिकवायला जाण्याआधी. आता दहा वर्षं ह्या ताटासारख्या सपाट गावात, नवऱ्याच्या व्हिसावर. चढायला काय, तर बिल्डिंगचा जिना.
खरी बातमी पत्राच्या शेवटी. भाऊजींच्या ओळखीनं ह्यांना तिकडे नोकरी मिळतेय, मटणाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. फेब्रु. अखेर हो की नाही ते कळवायचं. हे वाचून म्हणाले, "बघू." ह्यांचं "बघू" म्हणजे काय, ते मला तोंडपाठ आहे.

१४ जाने., बुध.
संक्रांत. मन्सूरा भागातल्या दुकानात तीळ मिळाले, गूळ कसला तरी. वड्या चिवट झाल्या. तिळगूळ घ्या, गोड बोला. हे दिवसभर गोडच बोलले, फक्त ऑकलंड सोडून.
शेवटी मीच विषय काढला. आता नवं कारण: ज्वालामुखीवर घर? म्हटलं, अहो, विझलाय तो. तर म्हणे, कुणी विझवला, फायर ब्रिगेडनं? स्वतःच्याच विनोदावर हसले आणि पेपर उघडला.

२३ जाने., शुक्र.
रश्मीनं घात केला. शाळेत नेमका हाच धडा चालू आहे. जेवताना बापाला सांगते, "बाबा, सम आर जस्ट स्लीपिंग. दे कॅन वेक अप." झालं! ह्यांना तेवढंच हवं होतं. लगेच लेकीच्या ताटात जास्तीचा गुलाबजाम.
दुपारी तिला मराठीतले शब्द शिकवले. ज्वालामुखी तीन प्रकारचे: जागृत, निद्रिस्त, मृत. म्हणाली, "निद्रिस्त इज लाइक बाबा ऑन फ्रायडे?" हे सुट्टीचे सोफ्यावर घोरत होते. कार्टी समजते सगळं, बोलते मात्र इंग्रजीत.

१ फेब्रु., रवि.
सासूबाईंचं पत्र. म्हणजे ह्यांनी मला न सांगता आईला विचारलं! बायकोला "बघू" आणि आईला चार पानी पत्र.
सासूबाई लिहितात: "ते स्थान जागृत आहे का, नीट चौकशी करा. जागृत असेल तर खुशाल जा, रोज दिवा लावत जा. मृत म्हणतात तसलं काही असेल तर त्या जागेच्या वाऱ्यालाही उभे राहू नका."
त्यांना वाटलं देवस्थान! मी पोट धरून हसले, मग रडूच आलं. ह्यांना म्हटलं, अहो, त्यांना देऊळ वाटलं. जागृत नसेल तेच तर आपल्याला हवंय! हे शांतपणे पत्राची घडी घालत म्हणाले, आईचा नकार आहे. कप्पाळ माझं.

८ फेब्रु., रवि.
वाऱ्यानं सगळीकडे धूळ. दातांखालीसुद्धा. संध्याकाळी जिना चढले-उतरले, गच्चीपर्यंत, दोनदा. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, रोज बघतो. आज न राहवून विचारलंन, "मॅडम, कुछ खो गया क्या?" म्हटलं, हो. खाली वाकून शोधायला लागला बिचारा.
वर आले ती तणतणतच. स्वयंपाकघरात पाटा दिसला. काळ्या दगडाचा, लग्नात आईनं दिलेला. इथे आणताना विमानतळावर हे लाजून लांब उभे राहिले होते. ह्यांना हाताला धरून आत आणलं. म्हटलं, हा दगड कशाचा आहे? लाव्हा आहे हा. आपला अख्खा सह्याद्री लाव्ह्याचा. ज्वालामुखीवर जन्मलात, दहा वर्षं ज्वालामुखीवर वाटलेली चटणी खाताय, आणि ताईच्या टेकडीचीच तेवढी भीती?
हे पाट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तरीच तिखट असते."
हसू आलं मला. ह्याचाच तर राग येतो.

१७ फेब्रु., मंगळ.
ताईला फोन लावला. माझं बोलून व्हायच्या आत ह्यांनी रिसीव्हर मागितला. वाटलं, आता ज्वालामुखी निघणार. तर विचारलं काय, उन्हाळ्यात तिकडे कितपत तापतं? ताई म्हणाली असणार, तापत कुठलं, घरात पंखासुद्धा नाही. हे "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. चहा गार झाला तरी समोर तसाच.
मग आपणहून बोलले. "इथे जूनमध्ये एसी बंद पडला की मोठमोठे साहेब माझी वाट बघत दारात उभे राहतात. यल्ला इंजिनिअर, यल्ला, चल लवकर म्हणून. तिकडे बाहेरच गार. मला कोण विचारणार?"
म्हटलं, कोल्ड स्टोरेज आहे की. म्हणाले, "मटण कधी थँक्यू म्हणत नाही."
बाई गं. इतके दिवस मी डोंगराशी भांडत होते, आणि ह्या माणसाच्या मनात डोंगर नव्हताच. कधी आईच्या पत्राआड लपले, कधी लेकीच्या धड्याआड. सांगायचं ना सरळ.

२४ फेब्रु., मंगळ.
आठवडाभर मी मऊ वागले. आवडीच्या भाज्या केल्या. वाईट वाटत होतं ह्यांचं, खरंच.
आज सकाळी टाय बांधता बांधता म्हणाले, तुला कळलं ना आता, मग सोडून दे तो विषय. तिथे माझं डोकं फिरलं. ओरडले नाही. नुसतं विचारलं, "आणि मला? मला इथे कोण विचारतं?"
ह्यांनी टायची गाठ सोडली, परत बांधली. किल्ल्या विसरून गेले, अर्ध्या जिन्यातून वर आले. किल्ल्या घेतल्या, माझ्याकडे बघितलं, गेले.
दिवसभर हात चालेना.

२७ फेब्रु., शुक्र.
उद्या शेवटचा दिवस. ऑफिसातून टेलेक्स करणार. काय करणार ते मला माहीत नाही.
दुपारी झोपले नाहीत. शुक्रवार असून! स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून गेले, तर सामान तोलायचा काटा जमिनीवर, त्यावर पाटा, आणि हे वाकून आकडा वाचतायत. काय चाललंय विचारलं. म्हणाले, "ह्याला एवढं वजन असेल असं वाटलं नव्हतं."
कुठे न्यायचाय, असं विचारणारच होते. जीभ चावली.
हेच म्हणाले, तिकडचा दगडही असाच काळा असतो ना? म्हटलं, असेल, सारख्याच मातीचा आहे. मग म्हणाले, तरी नवा पाटा नको, ह्याला सवय झालीय हाताची.
उद्या काय कळवणार, असं विचारलंच शेवटी. "बघू," म्हणाले.
हे "बघू" मला पाठ नाही. पाटा अजून काट्यावरच आहे. मी उचलला नाही, ह्यांनीही नाही. आज चटणी नाही केली.