मागल्या दारचं कर्लिंग

अहमदनगर,
१३ फेब्रुवारी १९७२

चि. सुचित्रा हिला नानांचे अनेक आशीर्वाद.

इकडची खुशाली आधी लिहायची असते, पण ती मागाहून लिहितो. आधी तुझ्या त्या कर्लिंग नावाच्या खेळाविषयी. अगं, काय प्रकार आहे हा? पत्र चारदा वाचलं, सोबतचं नियमांचं चोपडं कोर्टातली डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, आणि होतं तेवढंही डोकं चालेनासं झालं.

बर्फाच्या लांब पट्टीवरून वीस किलोचा दगड सोडायचा, इथवर समजलं. पलीकडच्या वर्तुळाला घर म्हणायचं आणि ज्याचा दगड मध्याच्या जवळ त्याची सरशी, हेही समजलं. पण सोडताना मूठ जराशी वळवायची म्हणजे दगड वळणानं जातो, असं लिहितेस. मग तो फार वळू नये म्हणून दोघींनी त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं! सरळच न्यायचा तर आधी वळवायचा कशाला, बाई? आणि इथं असताना तुला अंगण झाड म्हटलं की पोटात दुखायचं.

शेवटी गेल्या रविवारी मागल्या दारी प्रयोग केला. जात्याची वरची तळी काढली, धरायला खुंटा होताच. शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि गुडघ्यावर बसून दिली ढकलून. हातभरही सरकली नाही. टाकी लावलेली खडबडीत बाजू खाली, ती कशी सरकणार? हे मला, कोर्टात शिरस्तेदार म्हणवणाऱ्याला, फरशी ओरबाडल्यावर सुचलं! तेवढ्यात तुझी आई बाहेर आली. "अहो, ही काय थेरं चालवलीत? कमरेत उसण भरली म्हणजे?"

मी म्हटलं, खुंटा ढिला झालाय का बघतोय. खरं सांगता येईना, कारण तुझं पत्र आलंय हेच तिला ठाऊक नव्हतं.

लिहितोच आता. तीन वर्षांपूर्वी राहात्याच्या गोरक्षबरोबर रजिस्टर लग्न करून तू परदेशी गेलीस, तेव्हाच मी पोस्टमनला घरचं टपाल कोर्टात द्यायला सांगितलं. आईच्या नावाची तुझी सात पत्रं माझ्या टेबलाच्या खणात पडून होती, न फोडलेली. ती दर दिवाळीला विचारायची, "पोरीचं काही नाही का हो?" मी नाही म्हणायचो. हे आठवं जाडजूड निघालं. काही कायद्याचे कागद असतील म्हणून फोडलं, तर आत दगड आणि झाडू!

त्यातला एक नियम मात्र मला आठवडाभर झोंबतोय. सरकत्या दगडाला झाडू लागला, तर ज्याचा लागला त्यानंच आपण होऊन सांगायचं. कुणी पाहिलं नसलं तरी. तीस वर्षं कोर्टात काढली, न विचारता कबूल करणारा माणूस काही दिसला नाही. तिकडे असतात का गं खरंच असे लोक?

काल संध्याकाळी आठही पत्रं तिच्या पुढ्यात ठेवली. ती चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला बसली. आज सकाळी चहा मिळाला, पण कप आपटून. दुपारी भिंतीकडे बघत म्हणाली, "एवढा जड दगड पोरीच्या मनगटाला झेपतो का, विचारा." बस्स, तेवढंच. ही इकडची खुशाली.

गोरक्षरावांना आशीर्वाद सांग. ते घेतील की नाही, मला समजत नाही. यापुढची पत्रं आईच्याच हातात पडतील, पोस्टमनला तसं सांगून आलोय.

ज्याचा झाडू लागला तो,
तुझा नाना