शेवटच्या गल्लीपुरता ड्रायव्हर

बेकजान,

मी काराकोल शहराला जाणारी सवारी घेऊन निघते आहे. तुला उठवलं नाही, उठवलं असतं तर भांडले असते.

आज संध्याकाळी मशिदीच्या कोपऱ्यावर येऊ नकोस. काल समोरच्या बायका आत जाईपर्यंत तू झाडामागून हलला नाहीस, आणि मी गाडीत ताटकळत बसले. तुझी कंबर धरली म्हणून टॅक्सी मी चालवते, त्याची तक्रार नाही. शेजाऱ्यांना तूच ड्रायव्हर दिसावास म्हणून शेवटच्या गल्लीपुरतं स्टिअरिंग तुझ्या हाती देऊन मी शेजारी सरकते, तेही सोसलं.

पण परवा तुझ्या आईनं आयपेरीला विचारलं, "आई दिवसभर काय करते गं?" पोरगी म्हणाली, "आई गाडीतून फिरते. बाबा दमतात." आणि तू मान खाली घालून नान मोडत बसलास.

तुझ्या हातचं सूप माझं म्हणून खपवलं जातं, तिथे मीही गप्पच असते म्हणा. ते सूप आज जरा जास्त कर.

गाडी मीच दारापर्यंत आणणार आहे. फाटक उघडायला आयपेरीला घेऊन ये. आई कुठल्या बाजूनं उतरते, ते तिला बघू दे.

झिबेक