अविनाशचा निषाद

मंगळवार, संध्याकाळ

हेडफोनवर ऐकायचा म्युझिक प्लेअर निवडायला नवऱ्याबरोबर टिळक रोडला गेले. पारखायला अविनाशने स्वतःच्याच रियाजाचं रेकॉर्डिंग नेलं. दुसऱ्या कुणाचं का नाही?

स्वस्त प्लेअरवर तो खूश होता. महागड्यावर त्याचा निषाद बेसूर लागलेला स्वच्छ ऐकू आला. त्याला, मग मला.

"यात काहीतरी दोष आहे."

"अहो, प्लेअर फक्त ऐकवतो. गायलात आपण," दुकानदार म्हणाला.

अविनाश स्वस्त प्लेअर उचलत होता. मी म्हटलं, "महागडाच घे. माझ्याकडून भेट."

असं का केलं मी? तो निषाद मला लग्नापासून ठाऊक आहे. दरवेळी वाहवाच केली.

घरी येऊन त्याने रविवारच्या मैफिलीला नकार कळवला. घसा बसलाय म्हणे. मी हळद घालून दूध दिलं. तो सगळं प्यायला.