काकिझाकापर्यंतची पट्टी

शनिवार, १२ मार्च १९९४, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटे. याच क्षणी, पंचेचाळीस गावकऱ्यांसमोर, तू माझा खांदा हलवून म्हणालास, "ताई, ऊठ. गाडी थांबली."

चि. कियोहारु यास तोमोएताईचे आशीर्वाद. खोकला कसा आहे? इथे अंगणातला प्लम फुलला. (रागावलेल्या माणसानेही आधी ऋतूची खबर द्यावी, एवढे वळण आपल्या घराला आहे.)

मी झोपले नव्हते. डोळे मिटून परीक्षण करत होते. तुझी चाचणीची गाडी चुंबकाच्या जोरावर रुळावरून जेमतेम बोटाच्या पेराएवढी उचलली गेली, आणि लहानपणी आई न्हाणीतून अलगद उचलायची तसे वाटले. ना खडखडाट, ना धक्का. खाली डोंगर वाहत होता आणि माझ्या पायांत नुसते मोजे. (डब्याची फरशी इतकी लख्ख, की आम्ही अकरा बायकांनी बूट फलाटावरच काढले, टाचा गाडीकडे करून ओळीने लावले. गाडी निघाली, बूट राहिले. तुझे इंजिनिअर हसले. बिनवळणाचे मेले.)

उतरल्यावर मी एवढेच विचारले, की गाडी पुढे ढकलणारी मोटार डब्याच्या पोटात का बसवत नाहीस? मग मार्गावर ॲल्युमिनियमची साधी पट्टी पुरते. तुला मात्र मार्गभर तारांची वेटोळी हवीत. ती महाग, म्हणून मार्ग आखूड, म्हणून आमचे चढावरचे शेवटचे काकिझाका स्थानक रद्द!

"पण ताई, वेटोळ्यांवर गाडी केवढी सुसाट जाईल!"

अरे, दर किलोमीटरला थांबणारी गाडी सुसाट जाऊन करणार काय? वेग घेते न घेते तोच ब्रेक! एवढे गणित सिस्टर बर्नाडेटनी आम्हाला कॉन्व्हेंटात पट्टी मारून शिकवले होते. त्यावर तुझे उत्तर काय, तर "तू तर झोपली होतीस." आणि सभा हसली.

तुमच्या समितीचा निर्णय एक एप्रिलला आहे. मोटार कुठे बसणार, ते मला ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव.

ता. क. माझी शाळेतली मैत्रीण सुएको शरद ऋतूपासून डोंगराखालच्या रुग्णालयात आहे. दोन बस बदलणे आणि हा चढ माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. तिला पाहिलेले नाही.

ता. क. २. बरे, झोपले होते. स्वप्नात गाडी काकिझाकाहून निघून थेट तिच्या खिडकीशी थांबली. माझ्या मोज्यांकडे बघत ती म्हणाली, "अगं तोमोए, बूट कुठे टाकून आलीस?" मी उत्तर देणार, तेवढ्यात दहा वाजून सतरा मिनिटे झाली. तेव्हा विसरू नकोस. एकतीस तारीख, पाचच्या आत, लेखी.