वहीतली खूण

धरणगाव, १९५६

प्रिय प्रमिलाअक्का,

धुळ्याहून सुटीला आलो आणि आल्या आल्या तुझ्या या शहाण्या भावानं एक उद्योग करून ठेवला. हसू नकोस. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला एक प्रयोग दिला होता. चारचौघं एखादी गोष्ट ठामपणे सांगू लागली, की पाचव्याला ती खरी वाटते का, हे पाहायचं. म्हटलं, आपल्या गल्लीसारखी प्रयोगशाळा कुठे मिळणार!

मी एक पोरगा रचला. नाव पुना. लोटन आणि चिंधा या दोस्तांना पढवून गल्लीत सोडलं: आपल्या लहानपणी इथे पुना होता, आठवतो का? अगं, तीन दिवसांत अर्ध्या गल्लीला तो आठवला! कोणी म्हणे तिरळा होता, कोणी म्हणे जाडा. शेजारच्या भागाबाईला तर त्यानं तिच्या कैऱ्या चोरल्याचंही आठवलं. मी पोट धरधरून हसलो. सरांनी बजावलं होतं, त्याची एक खूण वहीत लिहून ठेवा, कोणाला सांगू नका. मी लिहिलं होतं, डावरा. लोटन-चिंधालाही ते ठाऊक नव्हतं. वही माझ्या पेटीत, कुलपात, आणि आईला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहेच.

परवा भर दुपारी आई ओट्यावर गहू निवडत होती. भागाबाई तिला पुनाच्या कैऱ्यांचं सांगू लागली. आईचे हात थांबले. "तो कुठे कैऱ्या तोडी? पाच वरीसना व्हता तो," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे बघून सांगितलं, की तो डाव्या हातानं जेवायचा, म्हणून आबा त्याचा हात कमरेशी बांधायला लावत.

अक्का, हीच माझ्या वहीतली खूण! मी तिला सगळं कबूल केलं, हे खोटं आहे, माझा प्रयोग आहे. ती शांतपणे म्हणाली, नाव तू रचलं नाहीस, पुना तुझा मोठा भाऊ. आपण मळ्यात राहायचो तेव्हा तू दोन वर्षांचा होतास, दिवसभर त्याला हाका मारत मागे फिरायचास. तो गेल्यावर आबांनी त्याचं नाव घ्यायची बंदी केली आणि आपण या गल्लीत राहायला आलो.

मी स्वतःला समजावतो, की आईही गल्लीतलीच, ऐकून ऐकून तिलाही तसं वाटलं असेल. पण मग ती खूण? आणि कालपासून जेवायला बसलो की माझाच डावा हात ताटाकडे जातो. मला भीती वाटते गं.

आखाजी आठ दिवसांवर आली. आईनं पितरांसाठी दोन घागरी आणल्यात, एक आबांची, एक त्याची. साऱ्या लेकी आखाजीला माहेरी येतात, पण वरणगावला दिल्यापासून तू एकदाही आली नाहीस. आम्ही उगाच तुझ्या सासूला बोल लावत राहिलो. काल मी आईला विचारलं, पुना गेला कसा? ती म्हणाली, विहिरीच्या काठावर त्याचा तोल गेला, एका हातानं धरता आलं नाही. त्या दिवशी हात प्रमिलेनं बांधला होता, आबांनी सांगितलं म्हणून. दहा वर्षांची पोर ती, तिला काय कळणार, असं म्हणाली. हे पत्र तिनंच लिहायला लावलं. तुझ्यावर तिचा राग नाही, कधीच नव्हता. माझ्याकडून एवढंच, असा कोणी नव्हताच असं तू कळवलंस, तर मी ते मानीन. नाहीतर ये, अक्का. त्याची घागर आपण दोघं मिळून भरू.

तुझाच धाकटा,
सुकदेव