दोरी सोडली त्या दिवशी

आचरा,
ता. ९ डिसेंबर १९५८

प्रिय काशीराम यास सिप्रियनचा मनापासून नमस्कार.

इकडचे सगळे ठीक असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. भात घरात आले. तुझ्या बाबलीदादाचा खोकला उतरला. मथुरावहिनी बरी आहे. माझा गुडघा कुरकुर करतो, पण त्याला कोण विचारतो! तुझ्या लेकीचे, सत्यवतीचे, पुढे लिहितो.

नाही, आताच लिहितो. तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. गळ लागला. मालवणच्या डॉक्टरांनी तो काढला, पण दृष्टी राहील की नाही हे पट्टी सुटेपर्यंत ते सांगत नाहीत. पट्टी सोमवारी सुटणार. तुला काही कळवायचे नाही असे तुझ्या घरी ठरले आहे. गोदीतले काम, तू एकटा, उगाच जिवाला घोर नको, असे बाबलीदादाचे म्हणणे. मीही मान डोलावली. मग घरी आलो, बसलो, उठलो, परसात फेऱ्या घातल्या, पुन्हा बसलो. हे पत्र त्यांच्या माघारी लिहितो आहे.

माझा गळ फेकायचा वर्ग तुला ठाऊक आहेच. नैरोबीला नोकरीत असताना साहेबाबरोबर थंड ओढ्यांवर जाऊन पिसाचा गळ फेकायला शिकलो, आणि तिथून येताना कपड्यांआधी ती वेताची काठी पेटीत घातली. इथे खाडीवर ती फिरवू लागलो तेव्हा सगळे हसले. "पीस खाणारो मासो खंयचो रे सिप्रू?" पण शाळा सुटली की मुले जमू लागली आणि तुझी सत्यवती सगळ्यांच्या पुढे. मी तुझी परवानगी मागितली, तर तू लिहिलेस, पोर तुझ्या हवाली. ते वाक्य मला सध्या जेवू देत नाही.

या प्रकारात धोका पुढे नसतो, मागे असतो. दोरा आधी पाठीमागे लांब जातो, मग पुढे येतो. साहेबाचा साधा नियम होता, ज्याच्या हातात काठी त्याने मागे पाहायचे. मी तर भित्रा माणूस. मुलांच्या दोऱ्याला गळ बांधलाच नाही, लोकरीचा गोंडा बांधला. एका वेळी एकानेच फेकायचे, बाकीच्यांनी माडाला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभे राहायचे, डोक्यावर टोपी नाहीतर टॉवेल. दोरीवर पहारा सत्यवतीचा. कोणी अलीकडे आला की ती अशी ओरडायची की खाडीपलीकडचे लोकही थांबायचे.

मग गावात बोलणे सुरू झाले. पोरांना काही झाले तर भरून कोण देणार? बरोबर प्रश्न होता. मीच म्हटले, पालकांनी एकदा येऊन बघावे, काय ते ठरवावे. त्यांनी आपल्या पद्धतीने ठरवले. देवळात गाऱ्हाणे घातले. मी बाहेर पायरीखाली उभा होतो. बाबलीदादाचा आवाज तुला माहीत आहे.

"बा देवा महाराजा, ही पोरां तुझ्या खाडयेर गरी फेकूक शिकतत. तेंच्यार काय वाकडी नदर येवची असात तर ती भायरच्या भायर घालव, नि तेंची राखण कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यांनी म्हटले. खोटे कशाला सांगू, मीही पुटपुटलो. बरे वाटले. एवढ्या मोठ्याने माझ्या मुलांसाठी कोणी काही मागितले नव्हते.

तिथून सगळे खाडीवर आले. देवाने भार घेतलाय, आता खरा मासा दाखव, असा आग्रह. मी गोंडा काढून गळ बांधला. माणसे दोरीच्या पलीकडे उभी होती. तेवढ्यात बाबलीदादा पुढे झाला आणि दोरी सोडू लागला.

"देवाक सांगल्यार मगे दोरी कित्याक? ह्या बरा दिसना नाय."

काशीराम, माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. दादा, दोरी राहू दे. एवढेच. पण मी किरिस्तांव. तुमच्या देवाच्या राखणीवर माझा भरवसा नाही असे आत्ताच गाऱ्हाणे घातलेल्या माणसांसमोर मी कसे म्हणू? लहानपणापासून तुमच्या ओटीवर जेवलो, जत्रेत नाचलो, पण ही एक रेघ मी कधी ओलांडली नाही. भिडेपायी गप्प राहिलो. दोरी माडाच्या बुंध्याशी पडली आणि लोक जवळ सरकले.

सत्यवती मात्र जागची हलली नव्हती. लहान पोरे माझ्या मागे आली तशी ती त्यांना ढकलायला धावली. ओरडलीसुद्धा. गलक्यात मला ऐकू आले नाही.

काठी माझ्या हातात होती. हे वाक्य लिहायला किती वेळ लागला ते तुला कळणार नाही. फेकले मी. मागे पाहिले नाही, मीच.

आता ऐक, मला झोप का येत नाही ते. कोणी मला बोलत नाही. पोरीची आई असून मथुरावहिनी म्हणते, "भावजीनू, जिवाक लावन घेव नकात, देवान थोडक्यात भागवल्यान," आणि माझ्यापुढे चहा ठेवते. देवळात पुन्हा जाऊन सगळ्यांनी देवालाच जाब विचारला. वर्ग परत कधी, असेही दोघेतिघे विचारून गेले. मला वाटते, कोणीतरी अंगणात येऊन माझी गचांडी धरावी.

काल सत्यवतीला भेटलो. मी म्हटले, बाय, चूक माझी. तर ती पट्टीखालून म्हणते, "तुमची नाय, काकानू. देवाचीव नाय. मागे लक्ष ठेवूचा काम माझा होता. माझाच चुकला." मी परत परत सांगितले. ती मान हलवते. मी तिला बरे वाटावे म्हणून बोलतो, असे तिला वाटते.

काशीराम, माझे काम मी तुझ्या पोरीच्या गळ्यात बांधले आणि आता तिने दोषही उचलला. डोळ्याचे काय ते सोमवारी कळेल. पण हे ओझे पट्टीबरोबर सुटणार नाही. तू तिचा बाप. तुझे ती ऐकेल. तिला लिही की काठी ज्याच्या हातात, चूक त्याची. माझे नाव घालून लिही. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल आणि त्या तिला वाचू दे. मग जमेल तेव्हा ये. मी दारातच असेन, कुठे जाणार नाही.

तू जिला माझ्या हवाली केलेस, तिच्या डोळ्याला जबाबदार,

सिप्रियन